ई-ग्रामस्वराज पोर्टल: पैसा दिसतो, काम मात्र टेप लावूनच कळतं

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं २०१५ साली १९३ देशांनी मान्य केली, मुदत २०३० ची. भारताने त्यावरचे स्वेच्छा अहवाल २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडले. पण नळाला पाणी येतं का, गटार वाहतं का, अंगणवाडीत संडास आहे का, हे तपासायची जागा ग्रामपंचायत. पंचायतराज मंत्रालयाने ही उद्दिष्टं गावासाठी नऊ संकल्पनांत बसवली आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, असं पुढे. ग्रामपंचायत विकास आराखडा, आपल्याकडचा ‘आमचं गाव, आमचा विकास’, याच संकल्पनांना धरून करायचा असतो. हा आराखडा आणि त्यावरचा खर्च २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. गावातल्या महिला गटांनी, युवक मंडळांनी, पाणी-स्वच्छतेवर काम करणाऱ्या संस्थांनी हे पोर्टल वापरावं का? जरूर वापरावं. फक्त ते कुठे थांबतं हे आधी समजून घ्या.

जमेची मोठी बाजू ही की बघायला लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत जायचं. इथेच पहिली चूक होते. एकाच नावाची दोन-तीन गावं एका जिल्ह्यात असतात, आणि माणूस भलत्याच गावाचा हिशेब घेऊन ग्रामसभेत उभा राहतो. प्रत्येक पंचायतीला स्थानिक शासन निर्देशिकेचा (सरकारची सगळ्या पंचायतींची यादी, इंग्रजीत LGD) एक कोड असतो. तो एकदा शोधून वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी ताडून बघा.

मग दोनच गोष्टी काढा: मंजूर आराखडा आणि त्याच वर्षाचे जमा-खर्चाचे व्हाउचर. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी ठेवा. आराखड्यात काम आहे पण खर्च नाही, किंवा खर्च आहे पण आराखड्यात काम नाही, अशा ओळींवर खूण करा. लगेच आरोप करू नका. मार्चमध्ये मंजूर झालेल्या कामाचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात निघणं नेहमीचं आहे, पुरवणी आराखडाही असतो. म्हणून मागच्या-पुढच्या वर्षाची पानंही काढा. दोन वर्षांत कुठेच जोड बसत नसेल, तर तो प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पैशाच्या बाजूने पोर्टल खरोखर भक्कम आहे. वित्त आयोगाचा निधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने थेट पुरवठादाराच्या खात्यात जातो, त्यामुळे कुणाला, कधी, किती हे दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी निधीचे ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, ठेवले: निम्मे पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापना खर्चाला ते चालत नव्हते. पाण्याच्या बंधित पैशातून कमान उभी राहिली असेल तर ते या पोर्टलवरूनच पकडता येतं. हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा बिलं मिळवून ती लोकांसमोर मोठ्याने वाचावी लागली. आज त्यातली बरीच माहिती घरबसल्या दिसते.

आता उणिवा. कामांची नावं इतकी मोघम असतात की जागा कळत नाही. ‘पाणीपुरवठा देखभाल’ म्हणजे मोटार, पाइप की टाकीची साफसफाई? संकल्पना जोडतानाही मनमानी होते. सिमेंट रस्त्याचं काम ‘स्वच्छ आणि हरित गाव’ खाली दाखवलं तरी पोर्टल अडवत नाही. कामाआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर असे तीन टप्प्यांचे स्थाननोंद असलेले फोटो अपेक्षित आहेत, पण एकच फोटो किंवा ओळखू न येणारा फोटो सापडतो. मराठी भाषांतराची सोय आहे, पण ते यंत्राने केलेलं. आकडे आणि तारखा मूळ इंग्रजी पानावरूनच घ्या. सोबतचं ‘मेरी पंचायत’ ॲप फोनवर चटकन बघायला बरं, तपासणीला मात्र संगणकच हवा.

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची. बिल निघतं ते कनिष्ठ अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेवर, म्हणजे एमबीवर, आणि ती पोर्टलवर नाही. उदाहरण घ्या: १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट रस्ता. हिशेब ४५ घनमीटरचा, म्हणजे साधारण १६ ब्रास. जाडी प्रत्यक्षात १० सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३० घनमीटर, एक तृतीयांश माल गायब. फोटोत हे कधीच दिसणार नाही. टेप घेऊन दर १० मीटरवर रुंदी मोजा, कडेची माती हलकी बाजूला करून जाडी मोजा, दोन्ही बाजूंनी. कडेला फॉर्मा (ओलं काँक्रीट अडवणारी फळी) लावलेला असतो, त्यामुळे तिथे जाडी पूर्ण भरते आणि मध्ये कमी पडते, हेही होतं. संशय असेल तर माहिती अधिकार कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याची तरतूद आहे. ती फार कमी लोक वापरतात.

एमबी बघायला आधी सोमवारचा मार्ग धरा. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तर आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. पंचायत समितीत जाताना परिपत्रकाची प्रत जवळ ठेवा. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. ‘रस्त्याच्या कामाची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, तो अर्ज हमखास लोंबकळतो. असं लिहा: ‘अमुक व्हाउचर क्रमांक, अमुक दिनांक, या देयकाशी संबंधित अंदाजपत्रक, एमबीची पानं, कामपूर्णत्वाचा दाखला आणि पुरवठादाराचं बिल यांच्या प्रती.’ व्हाउचर क्रमांक पोर्टलवरूनच मिळतो. पोर्टलचा खरा उपयोग इथे होतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती फुकट द्यावी लागते आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

पंचायत प्रगती निर्देशांकाचे, म्हणजे केंद्र सरकार याच उद्दिष्टांवर पंचायतींना देतं ते, गुण मात्र पुरावा म्हणून वापरू नका. २०२२-२३ चा पहिला निर्देशांक एप्रिल २०२५ मध्ये आला, २,१६,२८५ पंचायतींचा. सर्वोच्च गटात एकही पंचायत नव्हती, त्याखालच्या गटात ६९९. तुलनेसाठी ठीक आहे, पण मूळ माहिती पंचायतच भरते. आपल्या गावाचे गुण कुठल्या आकड्यांवर बसले ते ग्रामसभेत वाचून घ्या आणि चुकीचा आकडा असेल तर हरकत कार्यवृत्तात नोंदवायला लावा.

ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. बऱ्याच गावांत आराखडा अशाच सभेत मंजूर होतो, म्हणून त्या दुसऱ्या तारखेला हिशेबाचे कागद घेऊन हजर राहा आणि विषय आधीच लेखी देऊन पोच घ्या.