एफडीटीडी की मोमेंट मेथड? एम.टेक.चा विषय पक्का करण्याआधी

इंदूरच्या आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच, "काका, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये डिझर्टेशन करतोय, कोणती पद्धत धरू?" समीकरणं सगळीकडे मॅक्सवेलचीच, ती संगणकावर सोडवायच्या पद्धती तेवढ्या वेगळ्या. म्हणून मी आधी उलटा प्रश्न टाकतो: वस्तू कशाची आहे?

नुसत्या धातूची असेल, म्हणजे तारेचा अँटेना किंवा विमानाचा सांगाडा, तर मोमेंट मेथड. हॅरिंग्टनने 1968 मध्ये ती सविस्तर मांडली. इथे पृष्ठभागाचे छोटे त्रिकोणी तुकडे पाडायचे आणि शोधायचा तो फक्त त्यांच्यावरचा करंट. रंगारी भिंतींचे पैसे लावतो, खोलीतल्या हवेचे नाही, तसा हा हिशेब. पण प्रत्येक तुकड्याचं दुसऱ्या प्रत्येक तुकड्याशी नातं असतं, त्यामुळे मॅट्रिक्स गच्च भरलेला. 10,000 अज्ञातांना डबल प्रिसिजनमध्ये 1.6 जीबी मेमरी लागते, 1,00,000 झाले की 160 जीबी. लॅपटॉपने तिथेच हात टेकले. शिवाय एक त्रिकोण स्वतःवरच परिणाम करतो तेव्हा ग्रीन फंक्शन, म्हणजे एका जागच्या करंटचा दुसऱ्या जागी काय परिणाम होतो ते सांगणारं सूत्र, अनंताकडे जातं; ते इंटिग्रल सांभाळण्यात अर्धं सेमिस्टर सहज जातं.

एफडीटीडी, म्हणजे फाइनाइट डिफरन्स टाइम डोमेन, त्यामानाने दिलदार. यी यांची ही 1966ची युक्ती: सगळ्या जागेची चौकोनी घरांची जाळी करायची, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं अर्ध्या घराच्या अंतरावर मांडायची आणि आळीपाळीने पुढे ढकलायची. मॅट्रिक्सच नाही! माती, मेंदू, सर्किट बोर्डाचा सबस्ट्रेट, ज्या घराला जे मटेरियल द्याल ते. एका पल्समध्ये फ्रिक्वेन्सींचा अख्खा बँड हाती येतो. मोमेंट मेथडमध्ये सहसा प्रत्येक फ्रिक्वेन्सीला गणित नव्याने. एकमितीय कोड तर एका संध्याकाळी चालू होतो.

मेख जाळीत आहे. घर निम्मं केलं की मेमरी आठपट, वेळ सोळापट. 1.6 मिमी जाडीच्या एफआर-4 या नेहमीच्या सर्किट बोर्डात चार घरं बसवली तर घर 0.4 मिमीचं, आणि सगळीकडे तेच घनाकृती घर ठेवलं तर टाइम स्टेप सुमारे 0.77 पिकोसेकंदांच्या पुढे नेता येत नाही. गोलाईच्या तर पायऱ्या होतात.

फाइनाइट एलिमेंट हा तिसरा पर्याय. वाकड्यातिकड्या कॅव्हिटीचे, म्हणजे धातूच्या पोकळीचे, रेझोनन्स काढायला उत्तम; आपल्याच इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रातल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनमध्ये 505.8 मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी आहेत, प्रश्न त्या जातीचा. लॅबमध्ये सॉफ्टवेअरचं लायसन्स असेल तर बघा.

दोनच वर्षं असतील तर मी एफडीटीडीच घ्यायला सांगेन. ओपनईएमएस आणि मीप ही त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पुढे पीएच.डी. करायचीय आणि कागदावरच्या गणितात जीव रमतो, त्याने मोमेंट मेथड खुशाल घ्यावी.

काहीही घेतलं तरी पहिली कसोटी धातूच्या गोळ्याची, गुस्टाव्ह मी या शास्त्रज्ञाच्या 1908च्या उत्तराशी ताडून. मोमेंट मेथडवाल्यांनो, ठरावीक फ्रिक्वेन्सींनाच उत्तर बिघडलं तर कोडमध्ये बग शोधत बसू नका. तो गोळ्याच्या आतला रेझोनन्स असू शकतो. नुसत्या विद्युत क्षेत्राच्या समीकरणाऐवजी दोन्ही क्षेत्रांचं एकत्रित समीकरण लावून पाहा.