थाळीचा नेक्टर फीडर महाबळेश्वरच्या थंडीत कसा चालतो

ऑनलाइन मिळणारा 350 मिलीचा लाल थाळीवजा फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवायचं भांडं, मुळात अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी बनवलेला आहे. तो पक्षी भारतात नाही. आपल्याकडे त्यावर येणार ते शिंजीर (सनबर्ड). हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो, शिंजिराला टेकायला काहीतरी लागतं. त्यामुळे थाळीभोवती बसायची कडी असलेलाच घ्या.

पॅसिफिक किनाऱ्यावरचा अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळ्यातही तिथेच राहतो, म्हणून तिकडे फीडरखाली बल्बचा हीटर लावतात. महाबळेश्वरला त्याची गरज नाही. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याला दिसणारे हिमकण जमिनीलगतचे असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड हवा खोलगट भागात साचते आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं. पाच-सहा फूट वर, पडवीच्या छपराखाली हवा त्यामानाने उबदार राहते. फीडर तिथेच टांगा. तलावाकाठच्या उघड्या अंगणात असेल तर अंधार पडल्यावर घरात घ्या आणि उजाडताच बाहेर लावा. शिंजीर रात्री खात नाहीत, पण सकाळी लवकर येतात. उशीर करू नका.

250 मिली पाण्याला 50 ग्रॅम साधी साखर, म्हणजे वाटीच्या मापाने साधारण चारास एक, एवढंच. हे पाणी शून्याखाली साधारण एक अंशावर गोठू लागतं. गोठू नये म्हणून साखर वाढवायचा सल्ला मिळतो, पण चारास एकऐवजी तिनास एक केलं तरी जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो. गूळ, मध आणि खायचा रंग कटाक्षाने टाळा. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते.

थाळी काठोकाठ भरू नका. बर्फ फुगला की झाकणाची खाच तडकते, मग गळती आणि मुंग्या. झाकण पूर्ण निघतं, भोकं ब्रशने घासता येतात, ही याची खरी जमेची बाजू. थंडीत चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात एक-दोन दिवसांनी गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून धुवा.

मुंग्या अडवण्यासाठीची पाण्याची वाटी मात्र फार उथळ आहे, दुपारपर्यंत कोरडी पडते. रोज भरावी लागते. तिच्यातलं पाणी साधं असल्याने ते आधी गोठतं. सकाळी वाटीत बर्फ दिसला तर थाळीतलं पाणीही लगेच तपासा.