वेस्ट एलिसच्या कोपऱ्यावरचं टॅव्हर्न: बटर बर्गर, बिअर आणि शुक्रवारचा मासा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, पण घरापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या टॅव्हर्नमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तो या फेब्रुवारीत. इतकी वर्षं गेले नाही कारण बाहेरून ते मला बार वाटायचं, आणि बार म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पुण्यातली परमिट रूमच येते, काळ्या काचा, आत अंधार, बायका-पोरांनी लांबूनच जायचं. इथेही खिडक्या लहान, त्यात बिअरच्या नियॉनच्या पाट्या, आत काय चाललंय ते काही दिसत नाही. मग एका बुधवारी बर्फ पडत होता, गाडीवरचा बर्फ खरवडायचा कंटाळा आला होता, नवरा म्हणाला चल चालत जाऊ, ऑफिसमधले सगळे त्या बर्गरचं नाव काढतात, एकदा बघू तरी. त्यानंतर आजवर पाच वेळा जाऊन आलोय, एकदा बाबांना घेऊन, एकदा पूर्ण शाकाहारी मैत्रिणीला घेऊन, त्यामुळे आता नीट लिहू शकते.

नाव लिहीत नाहीये. छोटं घरगुती दुकान आहे, मालकीण स्वतः काउंटरवर असते, आणि मला चांगल्याबरोबर न आवडलेल्या गोष्टीही लिहायच्यात. तसंही या भागात अशी टॅव्हर्न्स खूप आहेत, तुम्ही मिलवॉकी साइडला राहत असाल तर तुमच्याही घराजवळ एखादं असेलच.

दार उघडल्यावर पहिलं काय दिसलं तर खिडकीजवळच्या टेबलावर एक आजी आणि दोन नातवंडं, पोरं कागदावर रंगवत बसलेली आणि समोर चीज कर्ड्सची, म्हणजे तळलेल्या चीजच्या गोळ्यांची बास्केट. विस्कॉन्सिनमध्ये आईवडील किंवा पालक बरोबर असतील तर लहान मुलांना टॅव्हर्नमध्ये बसता येतं, हे मला माहीतच नव्हतं. इथलं टॅव्हर्न म्हणजे मोहल्ल्याचं जेवायचं ठिकाण आहे, बिअर त्याच्या जोडीला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिलवॉकीच्या बिअर कंपन्या, श्लिट्झ, पॅब्स्ट, मिलर वगैरे, कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःच्या इमारती बांधून तिथे फक्त आपलीच बिअर विकायच्या, आणि कारखान्यातून सुटलेली माणसं घरी जाता जाता तिथे टेकायची. आमच्या वेस्ट एलिसला, मिलवॉकीला लागूनच्या या गावाला, तर हे नावच एलिस कंपनीच्या कारखान्यावरून पडलंय, नंतरची ती एलिस चाल्मर्स, ट्रॅक्टरवाली. आज ती कंपनीही राहिली नाही आणि कारखानाही, पण कामावरून सुटून येणारी माणसं संध्याकाळी साडेचारला काउंटरवर बसलेली अजून दिसतात.

आता बर्गर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण त्याच्यासाठीच आम्ही परत परत जातो.

काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसलं तर आतला तवा दिसतो, शक्य असेल तर तिथेच बसा. तवा म्हणजे पावभाजीच्या गाडीवर असतो तेवढाच मोठा पण सपाट. एक पन्नाशीच्या बाई एकट्या सगळं किचन सांभाळतात. बीफच्या खिम्याचा गोळा तव्यावर टाकतात, वरून बारीक चिरलेला कांदा आणि मग जड उलथन्याने असा दाबतात की त्याची पातळ चकती होते, कडा तर इतक्या पातळ की खरपूस होऊन जाळीदार होतात, आपल्या डोशाच्या कडेसारख्या. गोळा टाकल्या टाकल्याच दाबायचा असतो, नंतर दाबला तर सगळा रस तव्यावर जातो आणि आत चोथा उरतो, या बाई एकदाच दाबतात आणि परत हात लावत नाहीत. पलटला की वर कोल्बी चीज, हे चीज विस्कॉन्सिनचंच, १८८५ साली कोल्बी नावाच्या गावात पहिल्यांदा केलेलं, चेडरपेक्षा मऊ आणि सौम्य, वितळतं छान आणि मांसाची चव झाकत नाही.

आणि मग लोणी. याला इथे बटर बर्गर म्हणतात, आणि मला आधी वाटलं होतं की पाव बटरवर भाजत असतील, त्यात काय एवढं. पाव बटरवर भाजतातच, पण शिवाय वरच्या अर्ध्या पावाला आतून लोण्याचा चांगला जाड थर लावतात आणि तो गरम पॅटीवर ठेवतात, म्हणजे तुमच्यासमोर प्लेट येईपर्यंत लोणी वितळून कांद्यात मुरतं. पाव आहे तो पण साधा मऊ बन नाही, हार्ड रोल, वरून कडक आणि आत पोकळ-मऊ, हा विस्कॉन्सिनमधल्याच शेबॉयगन गावाकडचा, जर्मन लोकांचा प्रकार. पहिला घास घेतला आणि मी नवऱ्याला म्हणाले अरे हा तर ब्रून मस्का आहे! खरंच सांगते, कॅम्पातल्या इराण्याकडचा कडक ब्रून, त्याला भरपूर मस्का, तोच कुरकुर आवाज, तोच खारट लोण्याचा ओघळ हातावर, फक्त मध्ये कांदा आणि खरपूस खिमा. सहा वर्षं या देशात बर्गर खातेय, चेनचे, महागाचे, ट्रफलवाले, पण कुठल्याही बर्गरने मला पुण्याची आठवण करून दिली नव्हती, या एका साडेनऊ डॉलरच्या बर्गरने दिली.

बीफ चालत नसेल तर काय, हा प्रश्न आपल्यात येणारच. चिकनचा पर्याय आहे, बरा आहे. व्हेज पॅटी आहे, काळ्या घेवड्याची, फ्रोझन, चवीला ठीकठाक, पण शाकाहारी लोकांनी एक गोष्ट आधी विचारून घ्या, ती पॅटी त्याच तव्यावर भाजतात आणि फ्राइज मासे तळलेल्या तेलातच तळतात. मैत्रिणीला घेऊन गेले तेव्हा मी मालकिणीला समजावून सांगितलं, तिने तोंड वाकडं न करता वेगळ्या पॅनमध्ये करून दिलं आणि फ्राइजऐवजी कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर दिली. पाचच मिनिटं जास्त लागली. पण मेनूवर हे कुठेच लिहिलेलं नाही आणि ते लिहायला हवं, कारण प्रत्येक जण विचारतो असं नाही.

फ्राइजबद्दल बोलायचं तर घेऊच नका. पाचपैकी तीनदा मऊ पडलेल्या आल्या. त्याऐवजी चीज कर्ड्स घ्या, ताज्या चीजचे बोटाएवढे गोळे पातळ पिठात तळलेले, गरम असतानाच खायचे, थंड झाले की रबर. चार जणांत एक बास्केट पुरते.

बिअर. नळावर सहा प्रकार असतात. नवरा दर वेळी स्पॉटेड काऊ घेतो, न्यू ग्लॅरस नावाच्या गावातली ब्रुअरी आहे, १९९३ ला एका नवरा-बायकोने सुरू केली, आणि ते आपली बिअर विस्कॉन्सिनच्या बाहेर विकतच नाहीत, म्हणून शिकागोची माणसं इथे आली की डिकीत खोकी भरून नेतात. किंचित धूसर, हलकी गोडसर, कडवटपणा जवळजवळ नाही, ज्यांना बिअर कडू लागते म्हणून आवडत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. पण बर्गरबरोबर मला विचाराल तर मिलर हाय लाइफ, साधी, थंडगार, भरपूर बुडबुडे, लोण्याने तोंड जड झालं की एक घोट आणि जीभ परत साफ. नुसती प्यायची असेल तर लेकफ्रंट ब्रुअरीची रिव्हरवेस्ट स्टाइन, तांबूस, भाजक्या धान्याची चव, ती मी जेवण झाल्यावर हळूहळू घेते. पिंट, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरचा ग्लास, पाच डॉलरच्या आसपास.

एकदा मात्र आयपीए, म्हणजे जरा कडवट प्रकारची बिअर मागवली तर तिला शिळ्या लोण्यासारखा वास येत होता. हा वास बहुतेक वेळा नळाच्या पाइपातून येतो, ते पाइप दोन आठवड्यांतून एकदा तरी धुवायचे असतात, आणि जी बिअर कमी खपते तिचा पाइप तसाच राहतो. मी सांगितल्यावर मालकिणीने स्वतः घोटभर चाखून बघितली, ग्लास ओतून टाकला, त्या नळावर उलटा कप घालून ठेवला आणि दुसरी दिली, पैसे घेतले नाहीत. चूक झाली पण निस्तरली चांगली. तरीही माझा सल्ला हाच की अशा ठिकाणी शेजारची माणसं पितायत तीच बिअर घ्या, ती ताजी असणारच.

मे महिन्यात बाबा आले होते. बाबा बीफ खात नाहीत, पीत पण नाहीत, पण आमचं मूळ मालवणचं, त्यामुळे माशासाठी कुठेही यायला तयार. शुक्रवारी घेऊन गेलो कारण शुक्रवार म्हणजे इथे फिश फ्राय. जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक शुक्रवारी मटण-चिकन खायचे नाहीत म्हणून ही पद्धत पडली, आता सगळेच खातात, ख्रिश्चन असोत नसोत. आत शिरल्या शिरल्या बाबा माझ्या कानात म्हणाले, "अगं, इथे लहान मुलं कशी बसलीत?" म्हटलं बाबा, हे तसलं नाही, बसा तुम्ही. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा वळून त्यांच्याशी बोलायला लागले, ते ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते, बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, दोघांचं इंजिनावरून असं जमलं की मला मध्ये भाषांतर करताना जेवायला वेळ मिळेना.

माशात कॉड आणि पर्च असे दोन मिळतात, पर्च घ्या. तीन डॉलर जास्त पडतात पण गोड्या पाण्यातला लहान मासा, पातळ तुकडे, कॉडपेक्षा खूप चवदार. बरोबर राय ब्रेड, कोलस्लॉ आणि बटाट्याचे पॅनकेक, किसलेल्या बटाट्याचे, कडेने कुरकुरीत. बाबांना ते इतके आवडले की म्हणाले हे उपवासाला चाललं असतं, अंडं नसतं तर. माशाबद्दल त्यांचं म्हणणं एकच, "मासा चांगला आहे गं, पण याला तळायच्या आधी मीठ-हळद लावून ठेवायला कुणी शिकवलं नाही." ते बरोबरच आहे, वरच्या पिठाला चव आहे, आतला मासा अळणी. टार्टर सॉस गोड लागतो. मी किचनमधल्या बाईंकडे काही तिखट आहे का विचारलं तर त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या लोणच्याच्या हालापिन्यो मिरच्या वाटीत काढून आणून दिल्या, आणि बाबांनी त्या सगळ्या संपवल्या. आता आम्ही शुक्रवारी गेलो की वाटी न मागता येते.

ब्रँडीचं ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल इथलं प्रसिद्ध आहे, बाकी अमेरिकेत व्हिस्की घालतात इथे ब्रँडी, संत्रं आणि चेरी कुस्करून वर सोडा. मला फार गोड झालं. गोड आवडत असेल तर घ्या.

बाकी कामाचं सांगते. फक्त कॅश, कोपऱ्यात एटीएम आहे पण ते चार्ज लावतं, म्हणून घरूनच घेऊन जा. दोघांचं दोन बर्गर, कर्ड्स, तीन पिंट असं बेचाळीस डॉलर झालं, टॅक्स आणि टिप धरून पन्नासच्या थोडं वर. टिप नीट ठेवा, दोनच माणसं सगळं बघतात. बुधवारी पंधरा मिनिटांत प्लेट येते, शुक्रवारी पाऊण तास धरून चाला आणि सहाच्या आत पोचा, साडेसातला पर्च संपलेला असतो. टीव्हीवर पॅकर्सची, म्हणजे विस्कॉन्सिनच्या अमेरिकन फुटबॉल टीमची मॅच असेल त्या दिवशी शांत बसून जेवायची अपेक्षा ठेवू नका, पण त्या दिवशी जायचंच असेल तर माणसं इतकी आपलेपणाने बोलतात की फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालतं. किचन नऊला बंद. आणि ऑर्डर देताना हार्ड रोल असं स्पष्ट सांगा, नाही सांगितलं तर मऊ बन येतो.