चिकटवायचा वाघ की मुडपायचा?

गोधडीवर प्राणी बसवायचा म्हटलं की अडतं ते काठाशी. चित्र कसंही जमवता येतं, कापड तर प्रत्येक घरात गाठोडं भरून असतं. पण कापलेल्या आकाराचा काठ तसाच ठेवून तो खालून इस्त्रीने चिकटवायचा, की पाव इंच आत मुडपून हाताने टाचायचा, हे एकदा ठरलं की बाकीचं त्यामागून येतं: कोणतं कापड घ्यायचं, सुई किती नंबरची, वर्ग किती दिवसांचा, आणि शेवटी ती गोधडी अंगावर जाणार की भिंतीवर. गावात पाच-दहा बायकांना घेऊन हे काम शिकवायचा विचार असेल, तर दोन्हीची तुलना उपयोगी पडेल. धावदोरा आणि कच्चे टाके येतात असं धरून चाललं आहे. विदर्भातल्या गावात ते शिकवावे लागत नाहीत.

चिकटवण्याचं आकर्षण उघड आहे. दोन्हीकडून चिकटणारी फ्युजिंगची जाळी कागदावर येते. कागदाच्या बाजूला प्राणी काढायचा, रेषेबाहेर अर्धा सेंटीमीटर सोडून कापायचा, कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून पाच-सात सेकंद कोरडी इस्त्री दाबायची. थंड झालं की नेमकं रेषेवर कापायचं, कागद सोलायचा, गोधडीच्या वरच्या थरावर ठेवून पुन्हा दाबायचं. एक फुटाचा वाघ एका दुपारी उभा राहतो. आकार कितीही नाजूक असो, कात्री जाते तिथे काठ जातो. गोंदियाकडच्या सारसाचे पाय चिकटवून तीन मिलिमीटरचेही जमतात. मुडपून तसे पाय करायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्यावा.

चुका मात्र ठरलेल्या. पहिली, प्राणी उलटा येतो. कागदावर डावीकडे पाहणारा वाघ कापडावर उजवीकडे पाहतो. एकटा असेल तर चालून जातं, पण समोरासमोरची जोडी असेल तर दोघं एकमेकांना पाठ दाखवतात. दुसरी, गरम असतानाच कागद सोलला की गोंद कागदासोबत निघून येतो. तिसरी चूक बाजारातली: तालुक्याच्या दुकानात फ्युजिंग मागितलं की शिंपी कॉलरला लावतात ते एका बाजूचं पेस्टिंग हातात पडतं. ते प्राण्याला चिकटतं, गोधडीला नाही. दुकानातच दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून बघावं. चिकट बाजूला बारीक खरखरीत दाणे लागतात. दोन्हीकडचं असेल तर एका बाजूला गुळगुळीत कागद असतो आणि तो सुटतो.

चिकटवलं म्हणून काम संपतही नाही. काठावर झिगझॅग हवी, रुंदी अडीच-तीन मिलिमीटर आणि टाके दाट. खेड्यात घरोघरी असतं ते काळं पायमशीन, त्यावर सरळ टीपच बसते. झिगझॅगसाठी पिको-फॉलवाल्याकडे जावं लागतं, आणि तो साडीच्या काठावर सराईत असला तरी वाघाच्या कानाभोवती वळताना चिडतो. सरळ टीप काठापासून दोन मिलिमीटर आत घालूनही भागतं, फक्त काठाचे धागे सुटून मिशा फुटतात. रानडुकराला त्या शोभतात, हरणाला नाही.

एवढं सगळं निभावून नेता आलं असतं. पारडं फिरलं ते सुईपाशी.

आपल्याकडे कापूस पिकतो, पण गोधडीत तो भरत नाहीत. तो गादीत जातो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तीन-चार थर असतात, आणि त्या सगळ्यांना धरून ठेवतो तो धावदोरा. म्हणजे प्राणी बसवल्यावरही सुई त्याच्या अंगातून जाणारच. इथे गोंद आडवा येतो. सुती कापडाच्या विणीत उभ्या-आडव्या धाग्यांमधून सुई वाट काढते; इस्त्रीने वितळलेला गोंद नेमक्या त्या फटी बुजवून टाकतो. मग सुई धागे बाजूला सारत नाही, पापुद्रा फोडते. मोकळ्या जागेवर चार-चार मिलिमीटरचा सुरेख चाललेला टाका वाघाच्या पाठीवर चढला की सात-आठचा होतो, वाकडा होतो, आणि दोरा गोंदाला घासून पिंजतो. अंगुस्तानने दाबलं तर दहा नंबरची सुई वाकते. जाड घेतली तर भोक उघडं राहतं, आणि टाका उसवला तरी ते बुजत नाही. वर्गात अशा वेळी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘सुई घुसूनच नाही राह्यली जी.’ पाच मिनिटांनी कुणीतरी सुई दातात धरून ओढत असतं, आणि तासाभरात घरातली पक्कड येते.

उपाय नाहीत असं नाही. जाळीचा मधला भाग कापून फक्त कडेला सहा-सात मिलिमीटरची चौकट ठेवली तर प्राण्याचं पोट मऊ राहतं. चिकटवणाऱ्याने हे करावंच. पण गोधडीचा धावदोरा सगळ्यात आधी फिरतो तो आकाराच्या काठालगत, आतून एक फेरी आणि बाहेरून एक. आतली फेरी नेमकी त्या चौकटीवर येते. हलकी जाळी घेतली तर सुई जाते, पण धुताना काठ उचलला जातो. प्राणी सोडून आजूबाजूलाच धावदोरा घातला तर थर मध्येच सुटे राहतात आणि दोन धुण्यांत वाघाचं पोट फुगतं. प्रत्येक उपाय थोडा चालतो, आणि ज्या बाईचा हात वीस-तीस वर्षं धावदोऱ्यावर बसला आहे तिला तिचंच काम नव्याने अवघड करून देतो. शहरातल्या, मशीनवरच सगळं शिवणाऱ्या माणसाला यात कदाचित काहीच खटकणार नाही.

मुडपण्याची रीत हळू आहे, हे आधीच मान्य. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा फर्मा करावा, पेन्सिलीने कापडाच्या सुलट्या बाजूवर फिरवावा. इथे प्राणी उलटा होण्याची भानगड नाही. रेषेबाहेर पाच मिलिमीटर सोडून कापावं, कापड विरळ असेल तर सात. रेषेपासून एक सेंटीमीटर आत कच्चे टाके. टाचण्या कमी लावाव्यात, दोरा त्यांत गुंततो. आत वळणाऱ्या जागी, म्हणजे मानेखाली किंवा पायांमध्ये, रेषेच्या एक धागा अलीकडेपर्यंत कात्रीची खाच द्यावी. बाहेर फुगणाऱ्या वळणाला खाच देऊ नये. तिथे काठाला कोपरे पडतात आणि बैलाचं वशिंड षट्कोनी दिसतं.

सुरुवात पोटाच्या सरळ भागातून करावी, कधीही कानापासून नाही. सुईच्या टोकाने दोन सेंटीमीटर काठ आत ढकलायचा, डाव्या अंगठ्याने दाबायचा, दोन-तीन मिलिमीटरवर छुपा टाका घालत जायचं. दोरा प्राण्याच्या रंगाचा, जमिनीच्या म्हणजे खालच्या कापडाच्या नाही. लांबी बोटापासून कोपरापर्यंत पुरे. जास्त घेतला की गाठी आल्याच. कानाच्या टोकाशी आधी टोकापर्यंत टाके न्यावेत, तिथे एक जादा टाका घालावा, आत दुमडलेलं जादा कापड छाटावं आणि मग दुसरी बाजू सुईने आत सरकवावी. बहुतेक जण छाटायला भितात, म्हणून कान बोथट होतो. पाय आणि पोट मिळतात त्या खोबणीत मुडपायला कापडच उरत नाही. तिथे एकमेकांना लागून तीन घट्ट टाके, एवढंच. शेपटी कापू नये, करावी: अडीच सेंटीमीटरची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी तीन पदरी दुमडली की हवी तशी वळते. शेवटी उलट्या बाजूने प्राण्याखालचं जमिनीचं कापड अर्धा सेंटीमीटर सोडून काढून टाकावं. अस्तर आणि थर त्यानंतर जोडावेत. आता सुईला वाटेत मध्ये कुठेच अडथळा नाही.

कापडाची परीक्षा मात्र इथे कडक. नखाने घडी दाबली आणि ती राहिली तर कापड चालेल. उघडली तर त्यात टेरिलीन आहे, ते चिकटवणाऱ्यांना द्यावं. शंका असेल तर धागा जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, टेरिलीनचा कडक मणी होतो. ब्लाउजच्या टू-बाय-टू कापडाच्या नावाखाली दोन्ही विकलं जातं. कोरं मांजरपाट रात्रभर भिजवून खळ काढल्याशिवाय जमिनीला घेऊ नये, नाहीतर पहिल्या धुण्यात जमीन आटते आणि प्राणी गोळा होतो.

वाघाच्या बाबतीत मुडपण्याची बाजू अजून एका कारणाने जड होते. चिकटवताना तीस-चाळीस पट्टे वेगळे कापा, वेगळे सोला, वेगळे दाबा. तेही पंखा बंद करून, कारण वाऱ्याने पट्टे उडतात, आणि ताडोब्याच्या आसपास मे महिन्यात पंखा बंद करून इस्त्री चालवणं ही शिक्षा आहे. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या गुना बायका त्यांच्या मोला ब्लाउजवर पक्षी-प्राणी करताना रंगीत कापडांचे थर एकावर एक ठेवतात आणि वरचा थर चिरून खालचा रंग उघडा करतात. हीच युक्ती वाघाला घ्यावी. वर नारंगी, खाली काळं, पट्ट्यांच्या मधून कच्चे टाके. पट्ट्याच्या मध्यावर बारीक टोकदार कात्रीने चीर द्यायची, दोन्ही टोकांना तीन मिलिमीटर आधी थांबायचं, दोन्ही कडा सुईने आत लोटून टाचायच्या. काळा पट्टा आपोआप उघडतो, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता, खऱ्या वाघासारखा. सगळ्या चिरा एकदम देऊ नयेत. एक चीर, एक शिवण. नवख्या हाताला दोन पट्ट्यांत दीड सेंटीमीटर अंतर हवं, नाहीतर मधली नारंगी पट्टी दोन्हीकडून मुडपताना संपून जाते. गुना बायकांचं अंतर याहून फार कमी असतं, पण तो हात वर्षांचा. नारंगी कापड दाट विणीचं आणि नवं घ्यावं. जुनं लुगडं चीर दिल्याबरोबर उसवतं.

रचनेसाठी जगातलं काय काय दाखवावं, यावरही काठाचा परिणाम होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधल्या अबोमेच्या राजवाड्याशी जोडलेलं ॲप्लिक, म्हणजे कापडावर कापलेले आकार टाचायचं काम, वर्गात फार उपयोगी पडतं: राजा ग्लेलेचा सिंह, बेहान्झिनचा शार्क, गेझोचा रानरेडा. प्राणी बाजूने पाहिलेला, एका रंगाचा, ठसठशीत. असे आकार मुडपायला सोपे, म्हणून बायकांना पहिल्याच आठवड्यात ‘आपल्यालाही येतं’ असं वाटतं. बंगालच्या कांथ्यातून, म्हणजे तिथल्या गोधडीतून, घ्यायचा तो प्राण्याभोवती लहरींसारखा पसरणारा धावदोरा. आणि अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन गोधड्या जरूर दाखवाव्यात. पहिली १८८६ साली प्रदर्शनात मांडली गेली. दुसरीत तारे तुटून पडण्याच्या रात्रीबरोबर पाचशे मैल धावलेली एक डुकरीणही आहे. त्यांनी हात आणि मशीन दोन्ही वापरलं, तेव्हा मशीनला नावं ठेवायचं कारण नाही. नक्कल मात्र करू देऊ नये. आकाराची रीत घ्यायची, प्राणी आपला ठेवायचा. ग्लेलेच्या सिंहाच्या जागी आपला रोही, म्हणजे नीलगाय, उभा राहिला की काम त्या बाईचं होतं.

वेळेचा हिशेब चिकटवण्याच्या बाजूने आहे. एक फुटाचा तोच वाघ मुडपून, चिरून करायला, माझ्या अंदाजाने, चार-पाच दुपारी लागतात. पण या दुपारी कुठेही बसून काढता येतात. इस्त्री, वीज, पिकोवाला, कुणाचीच वाट पाहावी लागत नाही. कोळशाच्या इस्त्रीवर फ्युजिंग करून पाहिलं तर एका कोपऱ्यात चिकटतं आणि दुसऱ्यात जळतं. वर्ग मात्र वेचणीच्या दिवसांत ठेवू नये. येणारं कुणी नसतंच, आणि आल्या तरी बोंडांनी खरचटलेल्या बोटांना बारीक कापड अडकतं. होळीनंतर मृगाच्या आधी, सकाळच्या वेळी, हे बरं. घामाने सुई निसटते, तेवढी थोडी पावडर जवळ ठेवावी.

चिकटवणं कुणी निवडावं? शाळेत दोन तासांचा वर्ग घ्यायचा असेल तर बिनदिक्कत तेच. भिंतीवरची चौकट, जी मोगरीखाली कधी जाणार नाही, तिथेही. पिसं, सारसाचे पाय, मोराचा तुरा असले प्रकार असतील, किंवा चाळिशीमुळे छुपा टाका दिसेनासा झाला असेल, तर हट्ट धरू नये. दोन्हींची सांगडही बसते: सारसाचं अंग मुडपायचं आणि पाय दोन पदरी दोऱ्याने देठाच्या टाक्याने भरायचे. मग फ्युजिंगची गरजच उरत नाही, आणि सुईही अडत नाही.

वर्ग सुरू करताना पहिल्या दिवशी वाघ देऊ नये. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल समोर ठेवावा. पाठ जवळजवळ सरळ, एकच वशिंड, दोन शिंगं, पाय ठोकळ्यासारखे. त्यात बाहेरचं वळण, आतली खोबण आणि टोक, तिन्ही येतात. आठ इंच लांबीचा फर्मा पुरतो. शिंगं पहिल्या वेळी बोथट येतील. ती तशीच ठेवून दुसरा बैल त्याच्याशेजारी करायला लावावा.