मराठी बायबलचा ऑडिओ डबा, रात्री पाणी भरणाऱ्याचा रिव्ह्यू

नाताळच्या आधी चर्चबाहेर स्टॉल लागतात ना, कॅलेंडर, स्टार, क्रॉसच्या कीचेन वगैरे, तिथून हा डबा घेतला. छोटा स्पीकर आहे, आत मेमरी कार्डवर अख्खं मराठी बायबल, पुढे टॉर्च, हजाराच्या आत बसतो. फोनवर ॲप फुकट मिळतं हे माहितीये भाऊ, पण आमच्या चिंचपाड्याकडे शेतात रेंजचा भरवसा नाही आणि आईला वाचता येत नाही, म्हणून दिवसा डबा तिच्याकडे आणि रात्रीची लाइट असली की माझ्याकडे.

आवाज मस्त. वाचणारा घाई करत नाही, मागचं म्युझिक पण हळू आहे. वर रानडुकरं आवाजाने लांब राहतात, हा फायदा खोक्यावर लिहिलेला नाही.

आता कामाचं सांगतो. बायबलमधे स्तोत्रसंहिता म्हणून प्रार्थना-गीतांचं पुस्तक आहे, त्यात स्तोत्रं १५० आहेत, सरळ पहिल्यापासून लावत बसू नका. १२० ते १३४ ही आरोहणस्तोत्रं, म्हणजे यरुशलेमला चढून जाताना गायची, आधी लावा, बहुतेक छोटी आहेत, एक वाफा भरेपर्यंत दोन-तीन होतात. १२१ मधे आपल्याला राखणारा देव डुलकी घेत नाही की झोपत नाही असं आहे, ते रात्री दीडला हरभऱ्यात उभं राहून ऐकायला वेगळंच लागतं, कारण आपण स्वतः डुलक्या काढत असतो.

आणि १३ आणि ८८ सोडू नका. १३ मधे दावीद सरळ विचारतो की देवा अजून कुठवर विसरणार मला, आणि ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. आमच्या सभेत प्रार्थना म्हटली की सगळे आधी आभारच मानतात, ते बरोबरच आहे, पण अवकाळीत गहू आडवा झाला त्या आठवड्यात माझ्या तोंडून आभार निघेना, मी ८८ च लावत होतो. पोरांसमोर रडता येत नाही, सोसायटीत पण नाही, मग बांधावर बसून देवाशीच भांडलो. गहू काही परत उभा राहिला नाही, पण सकाळी पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जायचं बळ आलं.

पण डबा आपल्यासाठी प्रार्थना करत नाही बरं का. एक स्तोत्र झालं की पॉज करायचं आणि आपल्या भाषेत बोलायचं. मी अर्धं मराठीत अर्धं मावचीत, आमच्या बोलीत, बोलतो, आईची शुगर, पोरीची बारावी, स्टार्टर जळू देऊ नको, जे असेल ते, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. आई नुसतं लावून ठेवते आणि भाजी निवडते, तिचं तिला, मी बोलत नाही.

आता डोक्यात जाणारी गोष्ट. आवाज वाढवायचं आणि पुढे जायचं बटण एकच! दाबून धरलं तर आवाज, नुसतं दाबलं तर पुढचा अध्याय. मत्तय २६ चालू होता, येशूला धरून नेतात त्या रात्रीचं गेथशेमाने, शिष्य झोपलेत आणि येशू विचारतोय एक तासभर पण जागं राहवलं नाही का, तेवढ्यात सुरत-भुसावळ लाइनवर मालगाडी आली, चिखलाच्या बोटाने आवाज वाढवायला गेलो तर डायरेक्ट पुढचा अध्याय, येशू सुभेदार पिलातासमोर. स्क्रीन नाही त्यामुळे मागे कुठे जायचं ते पण कळत नाही, आणि बंद करून चालू केलं की परत उत्पत्ती १. बटणांवर सगळं इंग्रजी, आईसाठी पॉजवर नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय. चार्जिंगची पिन पण ढिली झालीये, दगड टेकवून लावावी लागते.

तरी घरात म्हातारं माणूस असेल किंवा रात्रीचं काम असेल तर घ्या. फक्त स्टॉलवरच स्तोत्रसंहिता वाजवून बघा, काही कार्डांत नुसता नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग असतो, स्तोत्रं त्यात नसतात. पाचपैकी साडेतीन, आवाजाचं बटण वेगळं दिलं असतं तर साडेचार दिले असते.