डिलिव्हरी चार्ज कसा लावायचा: सरसकट, वजनावर, ‘फ्री’ की कुरिअरच्या थेट दरानं?

घरगुती मसाले, फराळ, पापड विकणारं ऑनलाइन दुकान उघडताना फोटो आणि किमती यांवर आठवडे जातात. डिलिव्हरी चार्जचा आकडा मात्र शेवटच्या दिवशी घाईघाईत टाकला जातो. नफा नेमका तिथेच गळतो, म्हणून सगळ्या पद्धती एकाच मापानं मोजून पाहू.

दुकान कोल्हापुरात आहे असं धरा. ऑर्डरी दोन. अर्धा किलो कांदा-लसूण मसाला पुण्याला आणि एक किलो चिवडा गुवाहाटीला. हिशोब सोपा राहावा म्हणून कुरिअरचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्याला महाराष्ट्रात ४० रुपये, ईशान्येकडे ७५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा धरू. तुमच्या कुरिअरचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच.

अर्धा किलो मसाला पाऊच, खोका आणि टेप धरून ५६० ग्रॅम भरला की दुसरा टप्पा लागतो. ८० रुपये आणि कर मिळून ९४. हेच पाकीट ४०० ग्रॅमचं असतं तर पॅकिंगसह पहिल्याच टप्प्यात बसलं असतं आणि ४७ रुपयांत गेलं असतं. पाकिटाचं माप ठरवतानाच हे बघायला हवं.

चिवड्याचं गणित याहून कडक आहे. तो चुरू नये म्हणून ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरचा खोका घेतला, तर गुणाकार होतो १५,०००. कुरिअरवाले साधारणपणे त्याला ५,००० नं भागतात, उत्तर आलं ३ किलो. याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात, आणि काट्यावरचं वजन व हे वजन यांत जे जास्त त्यावर बिल बनतं. म्हणजे सव्वा किलोच्या पार्सलला सहा टप्पे, ४५० रुपये, करासह ५३१.

आता यावर देशभर सरसकट १०० रुपये लावा. पुण्याचा मसाला जेमतेम निभावतो, गुवाहाटीच्या चिवड्यात ४३१ रुपये खिशातून जातात. सरसकट दर वाईट नाही; ग्राहकाला तो एका नजरेत कळतो. पण तो शोभतो एकसारख्या, छोट्या, चपट्या मालाला. नुसते मसाले विकत असाल आणि गिऱ्हाईक बहुतेक महाराष्ट्रातलंच असेल, तर खुशाल तोच ठेवा.

दुसऱ्या टोकाला कुरिअरचा थेट दर. ग्राहकानं पिनकोड टाकला की दुकान कुरिअरला विचारतं आणि आलेला आकडा दाखवतं. ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वस्तूची मापं अचूक भरलेली हवीत, तीन वस्तू एका खोक्यात कशा बसतील याचा अंदाज सॉफ्टवेअरला हवा, आणि कुरिअरकडून उत्तर आलं नाही तर दाखवायला राखीव दर हवा. ऑनलाइन दुकान उभारायला बहुतेक जण शॉपिफाय किंवा वूकॉमर्स ही सॉफ्टवेअर वापरतात. शॉपिफायवर ही सोय सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये सरसकट मिळत नाही, वूकॉमर्सवर वेगळं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. शंभर-सव्वाशे प्रकारचा माल आणि रोजच्या भरपूर ऑर्डरी असतील तर हा खटाटोप करा. दहा-पंधरा पदार्थांच्या दुकानानं यात पडू नये, असं मला ठामपणे वाटतं.

छोट्या खाद्यपदार्थांच्या दुकानाला मी सांगेन ते मधलं: झोन पाडा आणि प्रत्येक झोनमध्ये वजनाचे टप्पे लावा. महाराष्ट्र-गोवा एक, बाकी देश दुसरा, ईशान्य आणि जम्मू-काश्मीर-लडाख तिसरा. एवढं पुरतं. खरी युक्ती वजनाच्या रकान्यात आहे. तिथे काट्यावरचं वजन न भरता बिल ज्या वजनाचं येतं ते भरा. चिवड्याला १ किलोऐवजी ३. दोन पाकिटं एकाच मोठ्या खोक्यात गेली तर बिल दुप्पट येत नाही, तेव्हा नेहमीचे खोके मोजून आकडा थोडा खाली आणा. वूकॉमर्स हे वजन वस्तूच्या पानावर ग्राहकालाही दाखवतं. तो भाग बंद करा आणि निव्वळ वजन वर्णनात ठळक लिहा, नाहीतर तीन किलो चिवडा येणार या आशेनं लोक पैसे भरतील.

या पद्धतीपुरतं बोलायचं तर शॉपिफाय सोपं आहे, वजनाचे टप्पे आतच मिळतात. पण तिथे मसाला एका शिपिंग प्रोफाइलमध्ये (एकच डिलिव्हरी दर लागणाऱ्या वस्तूंचा गट) आणि चिवडा दुसऱ्यात ठेवला, तर दोन्ही घेणाऱ्याला दोन्ही चार्ज बेरीज होऊन दिसतात. वूकॉमर्समध्ये वजनाचे टप्पे मुळात नाहीत, प्लगइन घ्यावं लागतं. ते नको असेल तर ‘शिपिंग क्लास’ वापरा, म्हणजे डिलिव्हरी दरासाठी वस्तूंचे गट पाडा: जड माल एक, फुगीर माल दुसरा, आणि कार्टमधला सगळ्यात महाग क्लास तेवढा आकारा.

पिनकोडवरून झोन पाडणं मात्र वूकॉमर्समध्ये फुकट आहे, फक्त दोन गोष्टी सांभाळा. झोन वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. ‘भारत’ वर आणि ‘कोल्हापूर’ खाली असेल तर कोल्हापूरचा दर कधीच लागणार नाही. दुसरं, गावातल्या घरपोच डिलिव्हरीसाठी ‘४१६*’ (म्हणजे ४१६ नं सुरू होणारे सगळे पिनकोड) लिहू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले (ते आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच) तेव्हापासून त्यातले पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचे आहेत, महसुली जिल्ह्याचे नव्हेत. ४१६ मध्ये सांगलीही येते आणि सावंतवाडीही. गावातल्या दरात सावंतवाडीला पार्सल पाठवायचं नसेल तर शहराचे पिनकोड एकेक करून भरा.

राहिली ‘९९९ च्या वर डिलिव्हरी फ्री’. ती वेगळी पद्धत नव्हेच, वरच्या कुठल्याही पद्धतीवर चढवायची सवलत आहे. हजाराच्या ऑर्डरीत तीस टक्के सुटत असतील तर हातात ३०० येतात. पुण्याचे ९४ त्यातून निघतात, गुवाहाटीचे ५३१ निघत नाहीत. म्हणून ही सवलत फक्त महाराष्ट्र-गोवा झोनमध्ये लावा, शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्हीकडे तशी सोय आहे. कॅश ऑन डिलिव्हरीला ती देऊच नका: पार्सल परत आलं तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं बहुधा तुमच्याच माथी येतं.

सगळं लावून झालं की स्वतः ग्राहक बनून गावातला, पुण्याचा आणि गुवाहाटीचा पत्ता टाका, आणि कार्टमध्ये एकदा मसाला, एकदा चिवडा, एकदा दोन्ही घ्या. एखाद्या पत्त्याला डिलिव्हरीचा पर्यायच दिसत नसेल तर तो कुठल्याच झोनमध्ये बसलेला नाही, आणि तिथल्या ग्राहकाला ऑर्डर देता येणार नाही.