ग्राहक आयोगात डॉक्टरविरुद्ध तक्रार : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आईच्या पायाच्या अंगठ्याजवळ वाढलेल्या हाडाचं, म्हणजे हॅलक्स व्हॅल्गसचं, ऑपरेशन झालं. अंगठा सरळ झाला, पण दुसऱ्या बोटाखाली घट्टा पडला आणि पाऊल टेकवलं की कळ मस्तकात जाते. 'होतं असं कधीकधी,' एवढंच उत्तर मिळालं, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. निकाल अजून नाही.

खर्चाबद्दल तक्रार नाही. हॉस्पिटलचं बिल 5 लाखांच्या आत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य, भरपाई कितीही मागा. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत 2 वर्षांची, ती सांभाळा. वकील सक्तीचा नाही, तरी आम्ही केला.

वेळेचं मात्र बोलायलाच नको. कायद्यात निकालाला 3 महिने लिहिलेत. सामनेवाल्यांना, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना, लेखी जबाबाला 30 दिवस, फार तर आणखी 15; तेवढं काटेकोर पाळलं गेलं. पुढे नुसत्या तारखा.

खरी मेख वेगळीच आहे. ऑपरेशन फसलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून कसोटी एकच : साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते याने केलं का? हाड कापून सरकवताना अंगठ्यामागचं हाड थोडं आखूड होऊन भार शेजारच्या बोटावर जाणं, ही पुस्तकातली गुंतागुंत आहे. दुसऱ्या एका सर्जनने एक्स-रे उजेडात धरून 'जरा जास्तच आखूड झालंय' म्हटलं. लेटरहेडवर लिहून द्या म्हणताच त्यांनी चहा मागवला.

त्यामुळे आता सगळी भिस्त संमतीपत्रावर. केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा, 72 तासांत देणं बंधनकारक आहे. आम्हाला मिळालेला फॉर्म छापील इंग्रजी, खाली आईची मराठीत सही, ऑपरेशनचं नाव वेगळ्या शाईत आणि धोक्यांच्या रकान्यात नुसतं 'ऑल एक्सप्लेन्ड'. समीरा कोहली प्रकरणात 2008 साली न्यायालयाने सांगितलंय की पर्याय आणि मोठे धोके समजावूनच संमती घ्यायची. वकिलांचा सगळा जोर त्यावरच आहे.

पैशाला पाच तारे, वेळेला एक. सामनेवाल्यांची प्रश्नावली परवाच आली. पहिला प्रश्न : 'ऑपरेशननंतर तक्रारदार कोणत्या चपला वापरत होत्या?'